लाल गोळीचं व्रत

वाती वळायला बसलं की हातांना काम असतं आणि तोंडाला नसतं. आमच्या ओट्यावर किस्से साठतात ते त्यामुळेच. कापसाची पिशवी संपते, बोलणं संपत नाही. आणि आजचं बोलणं उद्या कुणीतरी थोडं वाढवून सांगतं. मी मात्र जेवढं घडलं तेवढंच लिहिते आहे. वाढवायची गरजच पडली नाही.

आम्ही कराडचे. मी लक्ष वातींचं व्रत धरलं होतं. देवापुढं लाख वाती लावायच्या, त्याही घरीच हातानं वळलेल्या. एकटीच्यानं काय होणार? म्हणून दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमायच्या. समोरच्या शकूकाकू सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. शेजारच्या रेहानाभाभींचं बांगड्यांचं दुकान आहे. त्या वाती वळत नाहीत, पण साड्यांना फॉल लावायला आमच्याच ओट्यावर बसतात. उजेड चांगला येतो म्हणतात. माझ्या मते बोलणं चांगलं ऐकू येतं.

आणि माझी सून प्रियांका. तिला दिवस गेले आणि ओट्यावरचा विषय वातींवरून गोळ्यांवर आला.

*

पहिला रिपोर्ट आला तेव्हा प्रियांका रडतच घरात शिरली. हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरमॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "दहाच्या वर गेलं तर माहेरी जा. नाही गेलं तर इथंच राहायचं, मोठ्या दवाखान्याजवळ, रक्ताची सोय आहे तिथं."

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात पद्धत. तिचं माहेर आटपाडीकडं. माझ्या विहीणबाई हौसाबाई, मेंढरं राखून एकटीनं लेक वाढवलेली बाई. त्यांनी बातमी कळल्याच दिवशी माळ्यावरचा पाळणा उतरवून धुऊन वाळत घातला होता. प्रियांका त्याच पाळण्यात झोपलेली. आता तो पाळणा रिकामा राहतो की काय, म्हणून पोर रडत होती.

शकूकाकूंनी विचारलं, "किती पडले?"

"आठ," मी म्हणाले.

"आणि पायजेत किती?"

"दहा."

"म्हंजे दहातले आठ पडले की! मग रडतीस कशाला गं? आमचा दिलीप दहातले दोन आणायचा. त्यो आता मास्तर हाय."

प्रियांका रडता रडता हसली. गोळ्या त्या दिवशीच सुरू झाल्या.

*

म्हणजे सुरू झाल्या असं मला वाटलं.

एक दिवस तुळशीला पाणी घालताना मातीत काहीतरी लाल दिसलं. कुंकवाचा खडा असेल म्हणून काडीनं टोकरलं, तर गोळी! आणखी टोकरलं, तर तिच्या बहिणी निघाल्या. काही पार विरघळून मातीला रंग चढलेला.

शकूकाकू त्यांच्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "सुमन, तुळशीला कितवा महिना?"

मी प्रियांकाला बोलावलं. ती खाली मान घालून उभी. "आई, तोंडात घातली की गंजलेला खिळा चघळल्यासारखं वाटतं. लय मळमळतंय. कचऱ्यात टाकायला मन होईना. म्हटलं, तुळशीत घातली तर पाप तरी लागणार न्हाई."

आता हिला रागवायचं कसं? पाप कुठं लागत नाही हे माझ्याच घरात शिकलेली ना ती.

आमच्या भागातल्या आशाताई सुनीताला मी बोलावून घेतलं. तिनं सांगितलं, रात्रीचं पोटभर जेवण झाल्यावर घे, लिंबाच्या सरबताबरोबर घे, म्हणजे मळमळ कळत नाही. आणि चहाबरोबर, दुधाबरोबर अजिबात घ्यायची नाही; गोळी अंगी लागत नाही.

सरबताचं मी बघितलं. बाकीचं देवावर सोपवलं. त्या दिवसापासून गोळीची पट्टी देवघरात ठेवली. रात्री जेवण झालं की दिवा लावायचा, गोळीचा नैवेद्य दाखवायचा, मग तिच्या हातावर ठेवायची. नैवेद्य दाखवलेली वस्तू म्हणजे प्रसाद. तो थुंकता येत नाही, तुळशीत टाकता येत नाही, उद्यावर ढकलता येत नाही.

प्रियांकानं डोळे मिटून पहिला प्रसाद घेतला. तिच्या मागून आमच्या ह्यांनी, म्हणजे नानांनी, सवयीनं हात पुढं केला.

"तुम्हाला कशाला?" मी विचारलं.

"प्रसादाला न्हाई म्हणू नये," नाना म्हणाले.

त्यांना खडीसाखर दिली.

तुळशीला त्या वर्षी मंजिऱ्या मात्र भरून आल्या. शकूकाकू अजून सांगतात, "ती गोळी चांगली हाय. तुळशीला गुण आला."

*

माझा महेश शिरवळला कंपनीत आहे. रविवारी घरी येतो. बाकीचे दिवस जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन करून एकच प्रश्न: "काल गोळी घेतली का गं राणी?"

एकदा घाईत त्यानं फोन लावला आणि पलीकडचं काही न ऐकताच विचारलं, "काल गोळी घेतली का गं राणी?"

मग त्याच्या साहेबांचा आवाज आला, "घेतली. जेवल्यावर घेतली."

साहेबांना बीपीची गोळी चालू आहे. महेशनं फोन ठेवला आणि दिवसभर साहेबांच्या केबिनकडं फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबच त्याच्या मशीनपाशी आले. म्हणाले, "आज विचारलं नाहीस? आज विसरलो होतो मी."

तेव्हापासून महेश दोन फोन करतो.

*

लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या परसाकडचा रंग बदलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रियांका एका सकाळी घाबरून मला म्हणाली, "आई, काळं होतंय." मीही घाबरले. शकूकाकू म्हणाल्या, "नजर लागली. मीठ-मोहऱ्या आण." आणल्या. उतरवल्या. चुलीत टाकल्यावर तडतडल्या, म्हणजे नजर जबरदस्त होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा मीठ-मोहऱ्या. आमच्या घरात त्या आठवड्यात फोडणीला मोहरी उरली नाही.

शेवटी सुनीता आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आवं काकू, काळं झालं म्हंजे गोळी खरंच पोटात जातीय. मी तर घरोघर हेच विचारते. ज्या बायका 'गोळी घेतली' म्हणून खोटं सांगत्यात, त्यास्नी मी रंग विचारते."

शकूकाकू गप्प बसतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग नजर गोळीला लागली हुती. ती उतरली."

*

मग संकष्टी आली. प्रियांकानं हट्टानं उपास धरला होता, माझंच बघून. पण गोळी उपासाला चालते का? ती फळात धरायची की अन्नात? मी आमच्या देवळातल्या गुरुजींना फोन लावला.

गुरुजी मोठे विद्वान. फक्त एक आहे, लग्न लावताना शर्टाच्या गुंडीला छोटा माइक अडकवतात आणि तो बंद करायचा असतो हे त्यांच्या लक्षात राहत नाही. त्या वेळी ते कार्यालयात अंतरपाट धरायच्या तयारीत उभे होते. हे मला नंतर कळलं. अख्ख्या मांडवाला लाउडस्पीकरवर फक्त गुरुजींची बाजू ऐकू आली:

"कोणाला? सूनबाईंना का? बोला... कितवा महिना म्हणालात? चौथा?"

मांडवातली सगळी डोकी नवरीकडं वळली.

"मग उपास कसला धरताय? गर्भारणीला उपास नाही. तिला पोटभर खाऊ घाला. गोळ्या चुकवू देऊ नका... हो, हो, नवऱ्याला सांगा लक्ष ठेवायला."

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून नवरीकडं बघितलं म्हणे. त्याच्या आईच्या हातातल्या अक्षता तिथंच गळल्या.

लग्न लागलं. दोघं सुखात आहेत. पण त्या नवरीच्या आईनं मला अजून हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही.

प्रियांकाचे उपास मात्र त्या दिवसापासून बंद. गर्भारणीला उपास नाही, गुरुजींचा शब्द. तो सगळ्या कराडनं ऐकला होता.

*

चहाचा प्रश्न त्याहून अवघड. प्रियांकाला चहाचं भारी वेड, आणि जेवणाच्या आगेमागे, गोळीच्या आगेमागे चहा नको हे सुनीताचं सांगणं. घरात आधण ठेवलं की पोरीची नजर स्वयंपाकघराकडं. मला ते बघवेना. मी देवापुढं सांगितलं, हिचं रक्त दहाच्या वर जाईपर्यंत मी चहा सोडला.

मी सोडला म्हटल्यावर ओट्यावरच्या सगळ्यांनी सोडला. शकूकाकूंनी तर पाणी सोडून संकल्प केला. नानांनीही "सुनेसाठी एवढं करीन" म्हणून कपबशी कपाटात ठेवली.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकी दुखायला लागली. बोलण्याला धार आली. वाती इतक्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्या की एकीला शकूकाकू म्हणाल्या, "ही वात हाय का गांडूळ?" ती बाई उठून गेली.

पण नंतर आश्चर्य झालं. सगळ्यांचे चेहरे उजळले. वाती सरळ झाल्या. मला वाटलं, व्रताचं तेज आलं.

एक दिवस रेहानाभाभींचं भांडं परत द्यायला मी मागच्या दारानं गेले. आत आल्याच्या चहाचा वास दरवळत होता. खिडकीतून बघितलं, तर चटईवर आमचं सगळं वातमंडळ ओळीनं बसलेलं. शकूकाकू बशीत फुंकर मारत होत्या. रेहानाभाभी किटली घेऊन म्हणत होत्या, "काकू, रोज इकडंच येताय तर कापूसबी इकडंच आणा. तुमचे उपास सोडता सोडता माझी साखर सरली."

कोपऱ्यात पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर टॉवेल घेतलेला. पण नानांचे कान मी कुठंही ओळखते.

मी भांडं पायरीवर ठेवून तशीच मागं फिरले. कुणाचं मन कशाला मोडायचं? तिथं उभी होते तोवर वास मात्र पोटभर घेतला. वासानं व्रत मोडतं का, हे गुरुजींना विचारायचं राहून गेलं. लग्नसराई होती.

*

हौसाबाई लेकीला भेटायला आल्या त्या शेळी घेऊनच. "शेळीच्या दुधानं ताकद येती," म्हणाल्या. आटपाडीहून टेम्पोत बसवून आणलेली काळी शेळी आमच्या ओट्याच्या खांबाला बांधली आणि आम्ही दोघी विहिणी आत बोलत बसलो.

शेळी दोरी चावून मोकळी झाली. आधी तिनं वातींची टोपली साफ केली. मग देवघरात शिरली आणि नैवेद्यासाठी ठेवलेल्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या पट्टीसकट खाल्ल्या.

शकूकाकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "देवाच्या आधी शेळीनं प्रसाद घेतला."

हौसाबाईंना प्रसादाचं काही नव्हतं, शेळीचं होतं. "आवं, गाभण हाय ती! त्या गोळीनं तिला काय हुईल?"

मी सुनीताला फोन केला. सुनीता म्हणाली, "काकू, शेळ्या माझ्याकडं येत न्हाईत." जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शेळीचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि म्हणाले, "गोळ्या थोड्याच होत्या, बहुतेक काही होत नाही. पण गोळी पोटात गेली की नुसती पट्टी, हे कळायला हवं. लेंडीचा रंग बदलून काळा होतो का तेवढं बघा."

आम्ही सगळ्याजणी शेळीमागं खाली वाकून उभ्या राहिलो. बराच वेळ. शेवटी हौसाबाईच सरळ झाल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "शेळीची लेंडी कवा पांढरी असती?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. फी पण घेतली नाही.

शेळीला काही झालं नाही. पुढं तिला दोन तकतकीत करडं झाली. वाती किती खाल्ल्या ते देवाला आणि शेळीला ठाऊक. आम्ही मोजणी पहिल्यापासून धरली.

*

रक्त पुन्हा तपासायचा दिवस आला. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. हौसाबाई आदल्या दिवशीच येऊन थांबल्या होत्या. लेकीला न्यायला आल्या असं तोंडानं म्हणाल्या नाहीत, पण पिशवीत ओटीचं खण-नारळ होतं ते मी बघितलं होतं.

सुई बघून प्रियांका मागं सरली. "आई, आधी तुम्ही टोचून घ्या. मग मी."

आता सुनेला धीर द्यायचा तर नाही कसं म्हणू? मी हात पुढं केला. माझं रक्त घेतलं, मग तिचं.

डॉक्टरमॅडमनी दोन्ही कागद समोर ठेवले. प्रियांकाला म्हणाल्या, "साडेदहा. छान. आटपाडीला जा, तिथल्या दवाखान्यात नाव घाला आणि गोळ्या चालू ठेवा." हौसाबाईंनी तिथंच लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मग मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "आणि तुमचं साडेसात. काकू, तुम्ही चालताय कशा?"

सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, सगळे उपास माझ्याकडं. मॅडमनी पुढच्या चार तपासण्या लिहून दिल्या, आणि वर लोहाच्या गोळ्या. रंग तोच.

घरी आल्यावर हौसाबाईंनी लेकीची ओटी भरली. मग माझीही भरली. प्रियांकानं देवघरात दिवा लावला, माझ्या पट्टीतली गोळी काढून नैवेद्य दाखवला आणि माझ्या हातावर ठेवली.

"आई, प्रसाद हाय," ती म्हणाली. "तुळशीत टाकायचा न्हाई."

सरबतसुद्धा तिनंच केलं. मग ती आईबरोबर आटपाडीला गेली. जाताना पायरीवर थांबून मला म्हणाली, "मी रोज फोन करून रंग विचारणार."

दहाच्या वर गेलं होतं, म्हणून त्या दुपारी मी चहा घेतला. शकूकाकूंनी पहिला घोट घेऊन, "किती दिसांनी चव कळली," असं म्हटलं. रेहानाभाभी फॉलमध्ये तोंड लपवून हसत होत्या.

*

गोळ्या मी मनापासून घेत होते. पण एकादशी आली आणि मी पट्टीला हात लावला नाही. नाना म्हणाले, "गुरुजींनी उपासाचं सांगितलंय की."

"ते गर्भारणीसाठी सांगितलंय," मी म्हणाले. "मला ते कसं लागू पडेल?"

नानांनी माझ्याशी वाद घातला नाही. मॅडमचे शब्द त्यांनी मनाला लावून घेतले होते. मी चालते कशी, म्हणून मी स्वयंपाकघरातून देवघरात गेले तरी मागं येऊन उभे राहायचे. ते बाहेर गेले आणि ओट्यावरून त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, आमच्या हिलाबी आता त्याच लाल गोळ्या चालू झाल्यात. आज उपास धरून बसलीय. तुमी सांगा."

गुरुजी त्या वेळी देवळात होते. सप्ताह चालू होता. गुंडीला माइक होता.

देवळाचे कर्णे आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना आहेत.

"कोणाला? वहिनींना?" कर्ण्यांनी विचारलं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "वहिनींनाच ना? सूनबाईंना नव्हे?... अहो नाना, या वयात?... नाही, नाही, देवाची कृपा आहे. तुम्ही लाजू नका."

नाना फोनमध्ये काहीतरी सांगत होते. पण गुरुजींना एकदा आनंद झाला की ऐकू येत नाही.

"त्यांना म्हणावं उपास आजपासून बंद. सरबत द्या. जड काही उचलू देऊ नका. पाण्याचे हंडे तुम्ही भरा. आणि नाना, अभिनंदन."

देवळात कुणीतरी टाळ वाजवला.

दार वाजलं. शकूकाकू कैऱ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागं रेहानाभाभी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. त्यांच्याही मागं बाकीचं वातमंडळ. त्या नवरीची आईसुद्धा आली होती, हळदीकुंकवाचं आवतण घेऊन. महेशच्या साहेबांचा शिरवळहून फोन येऊन गेला होता. नाना ओट्याच्या खांबाला धरून उभे होते आणि येणारा जाणारा त्यांच्या पाठीवर थाप मारत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आटपाडीहून हौसाबाई. त्यांच्यापर्यंत कसं पोचलं देव जाणे. आवाज एकदम गंभीर.

"आवं इहीणबाई," त्या म्हणाल्या, "आमच्यात पाळणा एकच हाय. दुसरा सुताराला सांगू व्हय?"